पुराच्या पाण्यात बोटीचं इंजिन अचानक बंद का पडतं? आणि पडलंच तर आधी काय बघायचं?

किन्हीराजा म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, जुन्या नागपूर-औरंगाबाद हायवेवरचं गाव. इथं कुणाला बोटीच्या इंजिनाबद्दल सांगायला गेलं तर पहिला प्रश्न ठरलेला आहे, "आपल्याकडं समुद्र कुठं हाय?"

समुद्र नाही, हे खरंच. पण काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या वाशीम जिल्ह्यातल्याच टेकड्यांमधून निघतात आणि दक्षिणेकडून पैनगंगा जाते. काटेपूर्णेचं पाणी पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्राला जातं, तर पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता करत गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळतो. धरणं आहेत, तलाव आहेत, मासेमारी आहे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला की जिल्ह्यात सगळ्यात जास्त शोधाशोध कशाची होते, तर बोटीची.

एनडीआरएफची महाराष्ट्रातली बटालियन पुण्याजवळ आहे आणि एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. त्यांना यायला वेळ लागतो. तोपर्यंत जिल्हा प्रशासनाकडे असलेली रबर बोट, पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखी जवळची पथकं किंवा धरणावरच्या मच्छीमारांची बोट, एवढंच हातात असतं. या बोटींना मागं जी मशीन लटकवलेली असते तिला सरकारी कागदात 'ओबीएम' म्हणतात, म्हणजे आऊट बोर्ड मोटर. इंजिन, गिअर आणि पंखा हे सगळं एकाच दांड्यात, बोटीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळलेलं. काढा, खांद्यावर घ्या, दुसऱ्या बोटीला लावा.

ही मशीन भर प्रवाहात अचानक मरते तेव्हा काय होतं आणि का होतं, आज तेच बघू.

ब्रह्मनाळमध्ये काय झालं होतं?

८ ऑगस्ट २०१९. सांगली-कोल्हापूरला महापुराचा वेढा पडला होता. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ हे गाव कृष्णा आणि येरळा नद्यांच्या संगमावर आहे. गावातल्या लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि पंख्यात झाडाची फांदी अडकली, असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं.

यात इंजिन 'खराब' होतं असं कुणी म्हटलेलं नाही. पंख्यात काहीतरी अडकलं, बोटीचा जोर गेला, तोल गेला आणि भरलेल्या बोटीला तो सावरता आला नाही. मोटर बंद पडणं ही दुर्घटनेची अर्धीच बाजू असते. उरलेली अर्धी बाजू म्हणजे त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत बोटीतली माणसं काय करतात.

त्यामुळे इंजिनाचं झाकण उघडण्याआधीची गोष्ट आधी सांगतो.

मोटर मेली, आता पहिली दोन मिनिटं

मोटर थांबली की बोटीतल्या सगळ्यांची नजर मागं वळते. तीन-चार जण "काय झालं, काय झालं" करत मागं सरकतात. मागच्या बाजूला आधीच मशीनचं वजन असतं आणि फळीची उंचीही सगळ्यात कमी तिथंच असते. माणसं मागं आली की पाणी आत. म्हणून पहिला नियम, कुणीही जागचं उठायचं नाही. मशीनकडे एकच माणूस बघेल, दुसरा वल्हं हातात घेईल, बाकीचे खाली बसून राहतील. लाईफ जॅकेट अंगात असतंच असं धरतो. नसेल तर लेख इथंच थांबवा आणि आधी ते घाला.

दुसरं, बोट कुठं वाहत चालली आहे ते बघा. पुराच्या पाण्यात सगळ्यात घातक काय असतं? आपल्याला भोवरा वाटतो. पण पाण्याखाली गेलेला कोल्हापुरी बंधारा, पुलाचे खांब आणि झाडांच्या रांगा हे त्याहून मोठे वैरी आहेत. बंधारा वरून जवळजवळ दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते. तिकडे ओढ असेल तर इंजिन दुरुस्त करत बसायला वेळ नाही. वल्हवून प्रवाहाच्या कडेला, संथ पाण्यात जाणं हेच काम.

नांगर टाकायचा झाला तर तो बोटीच्या तोंडाकडून टाकायचा, मागच्या बाजूने कधीच नाही. मागून नांगर बांधला की प्रवाह थेट त्या बुटक्या फळीवर आदळतो आणि बोट मागून भरते. नांगराच्या दोरीशेजारी चाकू ठेवा, कारण वाहत आलेलं झाड दोरीत अडकलं तर दोरी कापावी लागते.

आणि बोट आडवी होऊन एखाद्या झाडाला टेकलीच, तर? घाबरलेली माणसं झाडापासून लांब, म्हणजे प्रवाहाच्या बाजूला सरकतात. ती कड खाली दबते, पाणी तिच्यावर चढतं आणि बोट पालथी. करायचं नेमकं उलटं असतं, सगळ्यांनी झाडाच्या बाजूला झुकायचं. राफ्टिंगवाल्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात. गावातल्या माणसाला कोण शिकवणार?

मोटर कशी मेली ते आठवा

आता मशीनकडे वळू. इंजिनाला चालायला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. आपल्याकडे ज्याने फवारणीचा पेट्रोल पंप किंवा ग्रासकटर वापरलाय त्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. ओबीएम हे त्याच घरातलं मोठं भावंड आहे. फरक दोनच. एक म्हणजे ते थंड राहण्यासाठी खालून नदीचं पाणी ओढतं आणि दुसरा म्हणजे त्याची ताकद पंख्यातून पाण्यात जाते.

मोटर कशी बंद पडली, यावरून नेमकं काय बिघडलंय याचा बराचसा अंदाज येतो. मिस्त्री लोक आल्या आल्या हेच विचारतात. झटक्यात बंद पडली की गचके खाऊन? आवाज चालू होता की थांबला? आधी बझर वाजला होता का?

बटण दाबल्यासारखी बंद पडली असेल तर

चालू होती आणि क्षणात शांत. गचका नाही, खोकला नाही. अशा वेळी पेट्रोलवर संशय घेऊ नका, कारण पेट्रोल संपताना इंजिन कुरकुर करतं. हा वीजपुरवठ्याचा मामला असतो, आणि त्यात सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे लाल दोरी.

ओबीएमला एक पिळदार लाल दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला आणि दुसरं मशीनवरच्या क्लिपला. चालवणारा पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि मोटर बंद होते, म्हणजे फिरणारा पंखा त्याच्याच अंगावर येत नाही. ही दोरी कुणाच्या पायात अडकली, कुणी वळताना ओढली, की मोटर मेली. मग दहा मिनिटं लोक स्टार्टरची दोरी ओढत बसतात, दंड दुखतात, इंजिन ओलं होतं आणि क्लिप मात्र खाली लोंबकळत असते. आधी क्लिप जागेवर आहे का ते बघा.

त्यानंतर गिअर. चालत्या गिअरमध्ये मोटर बंद पडली तर लिव्हर तिथंच राहतं आणि बहुतेक मशिनी न्यूट्रलमध्ये आणल्याशिवाय सुरूच होत नाहीत. हे मुद्दाम तसं केलेलं असतं. मशीन जॅम झाली असं समजून लोक घाबरतात, आणि लिव्हर मध्यावर आणलं की ती पहिल्या ओढीत सुरू होते.

सेल्फस्टार्ट मशीन असेल तर बॅटरीच्या टोकांवरचे नट हाताने हलवून बघा. लाटांच्या दणक्यांनी ते ढिले होतात. मग फ्यूज. एवढं करूनही ठिणगी नसेल तर प्लग काढून बघणं आलं. पण पेट्रोलचा वास घमघमत असेल तर प्लग बाहेर काढून ठिणगी तपासायच्या भानगडीत पडू नका.

खोकली, गचके खाल्ले आणि मग मेली असेल तर

हे पेट्रोलचं दुखणं. सगळ्यात जास्त सापडणारं आणि बऱ्याचदा सगळ्यात किरकोळ.

टाकीतून मशीनकडे येणाऱ्या नळीत मध्येच एक रबरी फुगा असतो. सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल वर चढवतात. हा फुगा म्हणजे तुमचा डॉक्टर. मोटर गचके खायला लागली की तो हातात घ्या.

फुगा चपटा, आत ओढल्यासारखा झालाय? म्हणजे इंजिन पेट्रोल ओढतंय पण टाकी सोडत नाहीये. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो, तो बंद राहिलाय का बघा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत अडतं, म्हणून किराणा दुकानदार समोर दुसरं भोक पाडतो. तीच गोष्ट इथं. पेट्रोल बाहेर गेलं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून स्क्रू बंद करतात आणि घाईत उघडायचं विसरतात. मोटर मस्त सुरू होते, पाच-दहा मिनिटं चालते आणि नदीच्या बरोब्बर मध्यावर मरते. झाकण सैल केल्यावर 'सुस्स' आवाज आला की रोग सापडला.

फुगा मऊ आहे, कितीही दाबला तरी कडक होत नाही? म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. नळीचं टोक मशीनला नीट बसलेलं नसेल, त्याची रबरी रिंग गेली असेल किंवा नळीला चीर असेल. फुग्यावर बाण असतो, त्याचं तोंड मशीनकडे हवं. उलटा जोडलेला असेल तर काहीच होणार नाही.

आणि फुगा दाबत राहिलं की मोटर चालते, सोडला की मरते, असं होतंय? मग मशीनचा स्वतःचा पेट्रोल पंप थकलाय किंवा नळीत हवा जातेय. अशा वेळी एका माणसाने फुगा दाबत राहायचं आणि कमी रेसवर बोट काठाला आणायची. दिसायला गमतीशीर दिसतं, पण बोट काठाला लागते.

नळीवर कुणी बसलंय का, पेट्रोलचा कॅन नळीवर ठेवलाय का, हेही बघून घ्या. भरलेल्या बोटीत हे सहज होतं.

चालू आहे, पण जोरच नाही

इथं दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक त्यात गल्लत करतात.

पहिल्या प्रकारात इंजिनाचा आवाज चढतो, पण बोट हलत नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, ताकद पंख्यापर्यंत किंवा पाण्यापर्यंत पोचत नाहीये. छोट्या मशिनींमध्ये पंखा एका पिनवर बसवलेला असतो. पंखा दगडावर किंवा लाकडावर आपटला की ती पिन तुटते आणि गिअर वाचतो. म्हणून ती मऊ धातूची असते. तिच्या जागी जाडजूड लोखंडी खिळा ठोकणारे महाभाग असतात. पुढच्या धडकेला पिनऐवजी गिअरबॉक्स जातो. दोन सुट्या पिना मशीनला दोरीने बांधून ठेवल्या तर हा जुगाड करायची वेळच येत नाही.

मोठ्या मशिनींमध्ये पिनऐवजी पंख्याच्या मध्यभागी रबरी बुश असतो. धडकेने किंवा वयाने तो निसटला की आतला दांडा फिरतो आणि पंखा मागं राहतो. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पंखा चांगला असतानाच आतल्या बुशवरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवायची. रेघ तुटलेली दिसली की बुश सरकलाय. असा पंखा जोरात फिरत नाही, पण हळू रेसवर बऱ्याचदा बोट ढकलतो. तेवढ्यावर परत यायचं.

कधी कधी काहीच तुटलेलं नसतं. सगळी माणसं पुढं सरकली, बोटीचा मागचा भाग उचलला गेला आणि पंखा हवा गिळायला लागला, एवढंच. रेस कमी करा, एकाला मागं बसवा, पंखा परत पाणी पकडतो.

दुसऱ्या प्रकारात आवाजच दबतो. इंजिन ओझ्याखाली कण्हतंय असं वाटतं. पंख्यात काहीतरी आहे. समुद्रात जाळी आणि दोर असतात. आपल्याकडे काय असतं? पुराच्या पाण्यात शेतातून वाहून आलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, ठिबकच्या नळ्या, जनावरांचे दोर, साड्या, प्लास्टिकचे कट्टे. ठिबकची काळी नळी पंख्याला गुंडाळली की हाताने सुटत नाही.

इथं एक गोष्ट परत परत सांगावी लागते. पंख्याला हात लावण्याआधी मोटर बंद, लिव्हर न्यूट्रल आणि लाल दोरीची क्लिप काढून खिशात. सगळं झाल्यावर मशीन वर उचलायची आणि मगच चाकू चालवायचा. हेही मागच्या फळीवर एकट्यानेच वाकून करायचं, बाकीच्यांनी पुढच्या बाजूला वजन ठेवायचं.

बझर वाजला आणि रेस आपोआप उतरली

नव्या फोर स्ट्रोक मशिनींमध्ये हे हमखास दिसतं. जोरात जाताना बझर वाजतो आणि मोटर एकदम मंद होते, कितीही रेस पिळली तरी वाढत नाही. लोकांना वाटतं इंजिन गेलं. उलट ते स्वतःला वाचवत असतं. इंजिन तापलं किंवा ऑईल कमी झालं की त्यातला छोटा कॉम्प्युटर रेसवर मर्यादा आणतो.

चालू ओबीएमच्या मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. चालवणाऱ्याने दर मिनिटाला मागं वळून ही धार बघायची सवय लावून घ्यावी. धार बारीक झाली किंवा थांबली तर बझरची वाट न बघता, जागा सुरक्षित असेल तिथं मोटर बंद करायची.

धार का थांबते? खाली पाणी ओढायची जाळी असते, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटते. उथळ पाण्यात चिखल जातो. सोयाबीनचं कुटार जाळीवर असं बसतं की गाळणीच तयार होते. मशीन उचला, जाळी साफ करा. कधी जाळी मोकळी असते आणि धारेचं भोकच मातीने बुजलेलं असतं. त्यात ग्रासकटरची नायलॉनची दोरी घालून फिरवली की धार सुरू होते. दोन्ही करून धार येत नसेल तर आतल्या पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र गेलेलं असतं, आणि ते बोटीत बसून बदलता येत नाही.

हे चक्र वाळूने झिजतं. पण कोरडी मशीन चालवली तर ते काही सेकंदांत जळतं. "चालू होते का बघू" म्हणून गोदामात, पाण्याबाहेर मोटर सुरू करणं म्हणजे हे चक्र स्वतःच्या हाताने मारणं.

इथेनॉलचा काय संबंध?

२०२५ पासून देशभर पंपांवर ई-२० पेट्रोल मिळतंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. गाड्यांच्या ॲव्हरेजवरून सोशल मीडियावर जे काही चाललंय ते तुम्ही बघितलं असेलच. बोटींबद्दल मात्र कुणी बोलत नाही. अनेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते.

अडचण अशी आहे की इथेनॉल पाणी शोषतं. मोटरसायकलची टाकी बंदिस्त असते आणि आठवड्याभरात रिकामी होते. बोटीची टाकी पाण्याशेजारी असते, तिला हवेचा स्क्रू असतो आणि ती महिनोन् महिने तशीच पडून राहते. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनची नळी पेट्रोल कुठून ओढते? तळातूनच.

टू स्ट्रोक मशीनमध्ये हे आणखी वाईट. तिचं ऑईल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. अनेक मशिनींना ५० लिटरला १ लिटर, म्हणजे एका लिटरला २० मिलि. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलि. हे ऑईल पेट्रोलसोबत वरच राहतं. तळातला थर इंजिनात गेला तर मोटर गचके खाते, आणि चालली तरी पिस्टनला वंगण नसतं.

तपासायचं कसं? टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल इंजिनात घालायचं नाही, ढवळून, गाळूनही नाही. सगळं काढून टाकायचं. पाण्यावर निघायच्या आधी ताजं पेट्रोल भरणं आणि परत आल्यावर टाकी रिकामी करणं हा स्वस्त इलाज आहे.

मोटर खरं तर मे महिन्यातच मेलेली असते

बचावाची बोट वर्षातले दहा-अकरा महिने गोदामात असते. मागच्या पावसाळ्यातलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये तसंच राहतं, उडून जातं आणि मागं चिकट डिंकासारखा थर ठेवतं. कार्बोरेटरमधली भोकं सुईच्या टोकाएवढी असतात. त्यातलं एक जरी अर्धवट बुजलं तर मोटर सुरू होते, मंद रेसवर छान चालते आणि पूर्ण रेस दिली की बसते.

आणि म्हणूनच पावसाळ्याआधीची तपासणी फसवी ठरते. मोटर पाण्याच्या पिंपात बुडवतात, सुरू होते, टाळ्या, फोटो, स्टेटसला व्हिडिओ. पिंपात मोटरवर ओझंच नसतं. पेट्रोल कमी पोचतंय, बुश सरकलाय, एक प्लग कमजोर आहे, यातलं काहीही तिथं कळत नाही. दहा माणसांची बोट असेल तर तेवढं वजन भरून, धरणाच्या पाण्यावर, प्रवाह नसलेल्या ठिकाणी, पूर्ण रेसवर पंधरा-वीस मिनिटं चालवल्याशिवाय ती मोटर पुरात चालेल असं कुणीही सांगू शकत नाही. माझ्या मते गावकऱ्यांनी मॉक ड्रिलचे फोटो बघताना एवढं एकच विचारावं, बोट भरून चालवली का?

ठेवताना काय करायचं हे ग्रासकटर वापरणाऱ्याला माहीत आहे. पेट्रोलची नळी काढायची आणि मोटर पाण्यात असतानाच आतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. गढूळ पाण्यातून आल्यावर स्वच्छ पाण्याने आतून धुवायची. बोटीसोबत एक डबा कायम ठेवायचा, त्यात दोन प्लग, प्लग पाना, पक्कड, सुट्या पिना, स्टार्टरची दोरी, चाकू, शिट्टी आणि टॉर्च. वल्ही डब्यात मावत नाहीत म्हणून ती गोदामात राहतात, हे मात्र होऊ देऊ नका.

आणि मशीनच पाण्यात बुडाली तर?

बोट उलटली, माणसं वाचली, मशीन दुसऱ्या दिवशी गाळातून सापडली, असंही होतं. तिला उन्हात वाळत घालणं ही सगळ्यात मोठी चूक. पाण्यात असेपर्यंत आतल्या भागांना हवा लागत नाही, बाहेर काढल्यावर काही तासांत गंज धरायला लागतो. बाहेर काढली की लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, प्लग काढा आणि प्लगची भोकं खाली येतील अशी ती आडवी करून स्टार्टरची दोरी हळूहळू ओढा, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडेल. दोरी अडली तर जोर लावू नका, आत वाळू असते किंवा काहीतरी वाकलेलं असतं. पाणी निघालं की भोकांमधून थोडं ऑईल सोडा, पुन्हा दोरी ओढा आणि त्याच दिवशी मिस्त्रीकडे पोचवा. फोर स्ट्रोक असेल तर ऑईल दुधाळ झालंय का बघा. झालं असेल तर ते बदलल्याशिवाय मोटर सुरू करू नका.